मापात धरलेली मोहरी

बाई ब्लाऊज शिवायला टाकायला येते तेव्हा तिच्या पिशवीत नव्या कापडाबरोबर एक जुना ब्लाऊज असतो. त्याला मापाचा ब्लाऊज म्हणतात. अंगाला नीट बसलेला, धुऊन धुऊन मऊ झालेला. तो आमच्यापुढे ठेवायचा आणि म्हणायचं, "असाच शिवा. दंडाला जरा सैल." टेप लावून घेणं पुष्कळ बायकांना नको वाटतं. कुणाला लाज वाटते, कुणाला आपला आकडा मोठ्यानं म्हटलेला आवडत नाही. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. कुणाचा खांदा झुकलाय, कुणाला दिवस गेलेत, कुणाचं घरात खाणं तुटलंय, हे मला ब्लाऊज आधी सांगायचा आणि बाई नंतर.

मुलुंडला पूर्वेकडे तळमजल्याच्या खोलीत खिडकीशी माझं मशीन होतं. मराठी घेऊन बी. ए. झालेली बाई शिवणकाम का करते, असं लोक विचारत. मशीन घरात होतं आणि नोकरी नव्हती, एवढंच त्याचं उत्तर. मशीनच्या खणात बॉबिनींशेजारी वाचनालयाचं पुस्तक असे. काजं करून झाली की दोन पानं वाचायची, असा माझा दिवस.

जिच्यामुळे हे लिहायला बसले, ती विमल यंदाच्या उन्हाळ्यात गेली. त्यामुळे लिहिणं सावकाश चाललं आहे. चार ओळी झाल्या की उठून पाणी पिऊन यावं लागतं. पण सांगायचं ठरवलं आहे, तेव्हा सांगते.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला घाटकोपरहून एक बाई आल्या. त्यांनी मापाचा ब्लाऊज ठेवला आणि "असाच" म्हणाल्या. शिवून झाल्यावर नवा घालून बघायला पडद्याआड गेल्या त्या बराच वेळ बाहेर येईनात. मी आत डोकावले. त्यांची डावी बाजू सपाट होती. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेलं. मापाचा ब्लाऊज ऑपरेशनच्या आधीचा होता, आणि नवा ब्लाऊज एका बाजूला रिकाम्या पिशवीसारखा लोंबत होता. त्या काळी बायका त्या आजाराचं नावही घेत नसत. "ती गाठ" म्हणत, तेही हळू आवाजात.

भरायला बाजारात काही तयार मिळत असेल तर ते आमच्या उपनगरात पोचलं नव्हतं. मी आधी कापूस भरून पाहिला. पण कापसाला वजन नसतं. चालताना ब्लाऊज त्या बाजूनं वर सरकतो आणि बाईचा एक हात सारखा तो खाली ओढत राहतो. तांदूळ भरले, त्यांत टोके झाले. बाजरी भरली, पावसाळ्यात तिला कुबट वास आला. शेवटी मोहरी सापडली. मोहरी लहान, गोल आणि जड. अंगाबरोबर हलते आणि आपोआप पुन्हा जागेवर येते. ब्लाऊजला आतून बटणाचा कप्पा करायचा आणि मोहरीची मलमली पिशवी त्यात बसवायची. धुताना तेवढी काढून ठेवायची.

हे शेवटचं सांगूनही घाटकोपरच्या त्या बाईंनी ब्लाऊज पिशवीसकट भिजत घातला आणि सावलीत वाळत टाकला. दोन-तीन दिवसांनी पिशवी घेऊन माझ्या दारात उभ्या.

"अहो टेलरबाई, मला मोड आलेत!"

मलमलीतून पांढरे कोंब बाहेर डोकावत होते. त्या इतक्या हसल्या, की शेजारीण काय झालं म्हणून बघायला आली. पुढे या कामासाठी येणाऱ्या प्रत्येकीला मी हा किस्सा सांगत असे. पडद्याआड जायच्या आधी हसू झालेलं बरं असतं.

त्याच सुमारास आमच्या भागात बारीक होण्याच्या गोळ्यांचं वेड आलं होतं. घाटकोपरला एका कापडाच्या दुकानाच्या वरच्या माळ्यावर कुणी एक डॉक्टर म्हणवणारा बसायचा. तो कागदाच्या पुडीत रंगीत कॅप्सूल बांधून द्यायचा. पुडीवर नाव नाही, गाव नाही. पिवळीनं भूक मरते, पांढरीनं लघवीला होतं, लालनं अंगातली चरबी जळते, असं माझी गिऱ्हाइकं सांगायची. एका नवरीच्या आईचे ब्लाऊज मी लग्नाआधी दोनदा आत घेतले आणि दसऱ्यापर्यंत तेच पुन्हा सोडून दिले. शिंप्याचं दोन्हीकडून भागतं. म्हणून तर कापताना शिवणीच्या आत दोन बोटं जास्त कापड दुमडून ठेवतात. आमच्यात त्याला माया म्हणतात. अंग वाढलं की टीप उसवायची आणि ती मोकळी करायची.

विमल भांडुपची. तिकडच्याच एका कारखान्यात विजेची बटणं जुळवायच्या खात्यात होती. कंपनीची निळी साडी आणि पांढरा ब्लाऊज. नवरा महापालिकेत, मुलगी सुजाता शाळेत. पहिल्यांदा आली तेव्हा मी पुस्तकात होते.

"ताई, वाचताय की शिवताय?" ती दारातूनच म्हणाली. "उजवी बाजू काढलीय माझी. तुमच्याकडे मोहरी मिळते म्हणे."

असं उघड बोलणारी बाई माझ्याकडे तोवर आली नव्हती. तिला मोडांचा किस्सा सांगितला, तर म्हणाली, "मग भाजी करायची ना!" दुसऱ्या खेपेला ताईची तू झाली आणि पुढे तूच राहिली.

ऑपरेशननंतर तिला सुया चालू होत्या. महिन्यातून ठरल्या दिवशी शहरातल्या मोठ्या इस्पितळात जायचं, सलाइन लावून घ्यायचं आणि ओकत घरी यायचं. एवढं ओकणारी बाई वाळायला हवी, असं मला वाटे. विमल मात्र सुजली. सुयांबरोबरच्या गोळ्यांनी भूक खवळायची, अंगात पाणी धरायचं, पाळी एकाएकी थांबली होती. दंड भरले, पोट आलं, चेहरा गोल झाला. तिच्या ब्लाऊजांची सगळी माया मी सोडून संपवली.

माणूस बारीक झालं की आजारी आणि भरलं की बरं, हे आपल्याकडे पक्कं. त्यामुळे तिला बघून सगळे खूश. कामावर परत गेली तेव्हा खात्यातली एक जण सगळ्यांसमोर म्हणाली, "आजारपण मानवलं गं तुला!"

"हसले मी पण," विमल मला म्हणाली. "काय करणार? केस गेले ते पदराखाली. एक बाजू गेली ती तुझ्या मोहरीखाली. त्यांना दिसतं काय, तर ढेरी."

पण तिचं खरं दुखणं वेगळं होतं. जुळवायचं खातं दुसऱ्या मजल्यावर होतं. जिना चढताना तिला धाप लागायची, म्हणून तिला खाली फाटकाशी खोके मोजायला बसवलं होतं. हलकं काम. सुपरवायझर म्हणाला होता, "बाई, जिना चढवत नाही तर वर येऊन करणार काय?" वरच्या टेबलावरची तिची जागा तिच्यापेक्षा लहान मुलीला दिली होती.

"माझी जागा आहे ती," विमल म्हणाली. "मी मेले नाही अजून."

आणि तिनं पिशवीतून एक जांभळा ब्लाऊज काढून टेबलावर ठेवला. ऑपरेशनच्या आधीचा, तिचा मापाचा. "नवीन ब्लाऊज या मापाचा शीव. मोहरीचा कप्पा तेवढा कर."

"बसणार नाही गं."

"तू शीव. बसायचं काम माझं."

मी तिच्या आताच्या अंगाचाच शिवला आणि माया भरपूर ठेवली. जांभळा ब्लाऊज खणात पडून राहिला.

पुढे काही महिने ती आली नाही. आली ती हसत, हात कमरेवर ठेवून. "बघ!" ब्लाऊज खरंच सैल होता. मला आनंद झाला. दोन्ही बाजूंनी एकेक टीप आत मारून दिली. थोड्या दिवसांनी पुन्हा आली, पुन्हा टीप मारली. जिना आता एका दमात चढते, म्हणाली. पुढच्या महिन्यापासून वरच्या खात्यात घेणार होते.

तिसऱ्या वेळी पडद्याआडून हाक आली, "हूक लाव ना गं जरा." मी गेले. तिची बोटं थरथरत होती, हूक अडकवता येत नव्हते. पाठीला हात लावला तर आत काळीज धडधडत असलेलं माझ्या तळव्याला कळलं. ओठांना कोरड पडली होती. गळ्याची हाडं वर आली होती.

"घाटकोपरच्या पुड्या?" मी विचारलं.

"तुला कोणी सांगितलं?" मग स्वतःच म्हणाली, "हो. सुयांचे शेवटचे फेरे बाकी होते तेव्हाच चालू केल्या. झोप येत नाही, तेवढंच. पण काम झालं की नाही?"

"इस्पितळात सांगितलंस?"

"वेडी आहेस? बंद करायला लावतील. डॉक्टरीणबाई विचारत होत्या, वजन का उतरतंय, पाठ दुखते का, भूक लागते का. म्हटलं, भात सोडलाय. तर त्यांनी छातीचे नि पाठीचे फोटो काढायला लिहून दिलेत. रक्त पण घेतलं. उगाच."

मला ते उगाच वाटलं नाही. वैद्यकीतलं मला काही कळत नाही. पण त्या डॉक्टरीणबाईंना काय शोधायचं आहे, एवढं कळलं. हा आजार परतला तरी माणूस वाळतं, आणि पुड्यांनीही वाळतं. विमलच्या वाळण्याचं हे दुसरं कारण त्यांना माहीतच नव्हतं.

"मी हा ब्लाऊज आत घेणार नाही," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"तू त्यांना सांगितल्याशिवाय एक टीप मारणार नाही."

"तू टेलर आहेस की माझी सासू?"

"काही समज."

"मुलुंडला काय तू एकटीच शिवतेस?" तिनं ब्लाऊज ओढून काढला, अंगावरचा आधीचा चढवला, साडी कशीबशी गुंडाळली. जाताना दारात थांबून म्हणाली, "तुला वाटतं पुस्तकं वाचली म्हणजे सगळ्यातलं कळतं." आणि गेली.

मी भांडणारी बाई नाही. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचीही सवय नव्हती. पण या वेळी मागे हटायचं नाही, असं मनाशी धरलं. रविवारी मशीनवर कापड टाकलं आणि भांडुपला तिच्या घरी गेले. सुजाता बाहेर ओट्यावर अभ्यास करत होती. विमल आत कांदा चिरत होती. कांदा खाली न ठेवताच म्हणाली, "ये. चहा टाकते."

"चहा नको. उद्या तुझ्याबरोबर इस्पितळात येते."

ती चिरत राहिली. मग सुजाताला ऐकू जाणार नाही अशा बेतानं बोलली.

"आणि गोळ्यांनी नसेल तर?"

मला आधी समजलं नाही.

"मी आज पुड्या बंद केल्या, आणि तरी बारीकच होत गेले तर? मग काय ते कळेल ना. पुड्या चालू आहेत तोवर बारीक व्हायला काहीतरी कारण आहे. माझ्या हातातलं कारण आहे, कळलं?"

म्हणजे तिला सगळं कळत होतं. माझ्याआधी कळलं होतं. वरच्या खात्यातल्या जागेसाठी चालू केलेल्या गोळ्या ती आता भीतीपोटी घेत होती. मी तिच्या हातातली सुरी काढून घेतली. म्हटलं, "कळलं तर दोघींना कळेल. एकटीला नाही."

तिनं पदरानं डोळे पुसले. "कांद्यानं येतंय," म्हणाली. "उद्या किती वाजता?"

डॉक्टरीणबाई थकलेल्या दिसत होत्या, बाहेर बाकं भरलेली होती. विमलनं पुडी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. बाईंनी कॅप्सूल कागदावर ओतून रंग पाहिले.

"यात काय आहे ते मला नक्की सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "अंदाज करता येतो. यांनी तुमचं हृदय पळतंय, पाणी जातंय. आणि आमच्या औषधांबरोबर हे पोटात गेल्यावर काय होतं, ते मला माहीत नाही. देणाऱ्याला तर नाहीच नाही. विमलबाई, वजन कमी करावंसं वाटलं यात काही चूक नाही. मला विचारायचं होतंत. तुम्ही वाळत होता आणि मी तुमच्या हाडांत आजार शोधत होते."

"सापडला?" विमलनं विचारलं.

"फोटोत तरी नाही. पण फोटोत सगळं लगेच दिसत नाही. आजपासून हे बंद. झोप लागेल, भूक लागेल. वजन परत यायला हवं. नाही आलं, तर आपल्याला पुन्हा शोधावं लागेल."

बाहेर आल्यावर विमल म्हणाली, "काय नशीब बघ. आता जाड व्हायचं औषध नाही का कुणाकडे?"

त्यानंतरचे रविवार मला अजून आठवतात. ती दुपारची यायची. मी आत घ्यायचा नाकारला होता तो पांढरा ब्लाऊज पडद्याआड जाऊन घालायची आणि हात वर करून उभी राहायची. मी बगलेखालून शिवणीत बोटं घालून बघायची. चार बोटं आरामात जायची. ती माझ्या चेहऱ्याकडे बघायची, मी ब्लाऊजकडे बघायची.

"बोल ना."

"आहे तेवढंच आहे."

"सुकट, भाकरी, भात, सगळं खातेय गं मी. सुजाताच्या ताटातलं उरलेलं पण."

"झोप?"

"झोप लागते. मेल्यासारखी." मग जीभ चावायची.

वरच्या खात्यात तिला घेतलं होतं, पण त्याचा आनंद तिनं करून घेतला नव्हता. टेबलाशी बसून बटणं जुळवताना दर थोड्या वेळानं दंडावरून हात फिरवून बघते, असं तिनंच सांगितलं. एका रविवारी मला बोटं जरा आवळल्यासारखी वाटली. मी बोलले नाही. हवा दमट होती, कापड आटलेलं असेल. खोटी आशा माझ्या तोंडून जायला नको होती. पुढच्या रविवारी तीन बोटं मुश्किलीनं गेली. तरी मी म्हटलं, "थांबू अजून."

आणि मग एका रविवारी तिनं ब्लाऊज घातला, खालून वर एकेक हूक लावत आली, आणि शेवटचा लावून मोठा श्वास घेतला. तट्कन आवाज आला. हूक उडून मशीनच्या पायडलखाली गेला.

ती ओरडली, "तुटला! अगं, तुटला!"

मी तिला धरलं. हसत होतो की रडत होतो, ते शेजारणीला कळलं नसणार, पण ती या वेळी विचारायला आली नाही. इस्पितळातल्या काट्यानं पुढे तेच सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी तिला चालायला सांगितलं, खाण्यापिण्याचं नीट समजावलं. कारखान्यात ती जिना सावकाश चढायची, मधल्या वळणावर थांबून. सुपरवायझर काही बोलला तर म्हणायची, "वर पोचल्यावर हात बघा माझे. पाय कशाला बघता?" आणि खात्यातली ती बाई पुन्हा म्हणाली, "मानवलं गं तुला," तेव्हा विमलनं सगळ्यांसमोर उत्तर दिलं, "मानवलं. नसतं मानवलं तर तू डबा कुणाबरोबर खाल्ला असतास?"

खणातला जांभळा ब्लाऊज तिनं त्या हूक तुटल्याच्या दिवशीच मागून घेतला. मला वाटलं, घरी नेणार. तिनं माझी कात्री उचलली आणि त्याची पाठ उभी फाडली. "याची मोहरीची पिशवी शीव," म्हणाली. "मलमल टिकत नाही तुझी." तेव्हापासून पांढरा ब्लाऊज तिचा मापाचा झाला. हूक मी नवा लावला आणि बाजूला पुन्हा माया ठेवायला सुरुवात केली.

आता वजन उतरवायची नवी औषधं आली आहेत म्हणतात, आठवड्याला एक सुई. त्यांच्यावर नाव असतं, खरे डॉक्टर लिहून देतात. माझ्या ओळखीतल्या एकीनं, हाच आजार होऊन गेलेल्या, मला विचारलं, घेऊ का? मी शिवणारी बाई, मी काय सांगणार? एवढंच म्हटलं, कर्करोगाच्या तुझ्या डॉक्टरांना विचार, आणि घ्यायची ठरली तर त्यांच्या माहितीत घे. बारीक झालीस तर कशानं झालीस, ते त्यांना कळलं पाहिजे. ती म्हणाली, एवढंच? मी म्हटलं, एवढंच, पण एवढं करच.

विमल निवृत्त झाली, आजी झाली. तो आजार तिच्याकडे परत आला नाही. यंदा उन्हाळ्यात वयानं, दोन-चार दिवसांच्या तापानं गेली. सुजाताचा फोन आला तशी मी भांडुपला गेले. शेजारच्या बायकांनी तिला आंघोळ घातली होती, पांढरी साडी काढून ठेवली होती. ब्लाऊज मात्र बसेना. मी गेल्या वर्षीच शिवलेला, पण त्यानंतर ती आणखी भरली होती. एक बाई म्हणाली, "राहू दे, नुसता अंगावर टाका, साडीखाली कोणाला दिसतंय?"

मी सुजाताकडे कात्री मागितली. खाली बसून दोन्ही बाजूंच्या टिपा उसवल्या, माया सोडली आणि हातानंच धावदोरा घालत आले. हात आता भरभर चालत नाहीत, पण कोणी घाई केली नाही. शिवताना एकच वाटत होतं, की ही बाई शेवटपर्यंत वाळली नाही.

ब्लाऊज झाला. सुजाताच्या हातात मोहरीची जांभळी पिशवी होती. तिनं माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "मावशी, ही आता ठेवायची का?"

"ठेव," मी म्हटलं. "मापात ती धरलेली आहे."

पिशवी कप्प्यात बसवून मी बटण लावलं. मग खालून वर हूक लावत आले. सगळे लागले.